सरपटणाऱ्यांची चार घराणी आणि शेतकऱ्याचा जीव

(सिन्नर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या मांडणीचा मजकूर)



कापसाचा भाव, कांद्याची निर्यातबंदी, विजेचे बिल हे आपल्या बैठकीचे नेहमीचे विषय. ते सोडून आज साप, सरडे, कासवांची चर्चा कशाला, असे कोणाच्या मनात आले तर त्यात गैर नाही. पण एक हिशेब आधी पाहू. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१९ या वीस वर्षांत हिंदुस्थानात सुमारे १२ लाख माणसे साप चावून मेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली, आणि निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतली. पेरणी, निंदणी, कोळपणी यांचे हे महिने. या महिन्यांत रानात कोण असतो? साहेब नसतो, व्यापारी नसतो. आपण असतो, आपल्या बायका असतात, शाळा सुटल्यावर बांधावर आलेली आपली पोरे असतात. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

दुसरे कारण असे, की ज्याच्याशी रोज गाठ पडते त्याची ओळख आपल्याला कमी आहे. रात्री नाव घ्यायचे नाही म्हणून आपण त्याला ‘लांबडं’ म्हणतो. चावला तर ‘पान लागलं’ म्हणतो. नाव टाळल्याने भीती जात नाही, माहितीने जाते. म्हणून आधी या जनावरांची घराणी समजून घेऊ, मग जिवाच्या हिशेबाकडे येऊ.

सरपटणारा प्राणी कोणाला म्हणायचे?

पोटावर सरपटतो तो सरपटणारा, एवढे पुरत नाही. घोरपड चार पायांवर पळते, कासव चालते, मगर पोहते, तरी ती याच वर्गातली. आणि गांडूळ सरपटते, पण ते यातले नाही, कारण त्याला पाठीचा कणाच नाही. बेडूकही यातला नाही. त्याची कातडी ओली आणि उघडी, अंडी पाण्यात, लहानपण माशासारखे.

खूण अशी. पाठीला कणा आहे, अंगावर कोरडे खवले आहेत, श्वास फुप्फुसाने चालतो आणि अंडे जमिनीवर घातले जाते. हे अंडे म्हणजे मोठी गोष्ट आहे. कवचाच्या आत पिलासाठी पाणीही आहे आणि शिदोरीही. बेडकाला पिलासाठी डबके शोधावे लागते, यांना लागत नाही. म्हणून ही जनावरे कोरड्या मुलखात टिकली. तुम्हीआम्ही कोरडवाहू, तसे हेही कोरडवाहू!

आणखी एक खूण. यांच्या अंगात आपल्यासारखी कायमची ऊब नसते, ती उन्हातून घ्यावी लागते. सकाळी सरडा बांधावरच्या दगडावर ऊन खात बसतो तो आळशी म्हणून नव्हे, अंग तापल्याशिवाय त्याला पळताच येत नाही. याचा एक फायदा आहे. शरीर गरम ठेवण्यासाठी आपण रोज भाकरी जाळतो, तो खर्च त्यांना नाही. एकदा पोटभर उंदीर मिळाला की साप कित्येक दिवस काढतो. दुष्काळी मुलखात कमी खर्चाने जगायची विद्या त्यांना आपल्याआधी साधली.

जगात आज या वर्गाच्या सुमारे १२ हजार जाती आहेत आणि त्यांची घराणी चार. एक, पाल-सरडे आणि साप. दोन, कासवे. तीन, मगरी. चौथ्या घराण्यात आता एकच वारस उरला आहे, त्याच्याकडे नंतर येऊ.

कासवाचे घराणे

देवळात देवासमोर दगडी कासव असते, त्याला पाया पडून आपण पुढे जातो. पण जिवंत कासवाकडे नीट पाहिलेले थोडेच. कासवाची ढाल म्हणजे पाठीवर घेतलेले ओझे नव्हे. त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणाच रुंद होऊन, एकमेकांना जुळून ती ढाल झालेली असते. म्हणून कासव घर सोडून बाहेर येऊ शकत नाही, तसे केवळ गोष्टीत घडते. त्याला दात नसतात, पोपटासारखी धारदार चोच असते.

जगात कासवांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत. आपल्या गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यात मऊ पाठीची कासवे आहेत, त्यांच्या ढालीवर कठीण खवल्यांऐवजी कातडे असते. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी उकरून नेली जात. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखली आणि आज पिले पाहायला माणसे पैसे खर्चून तिथे येतात, गावात उतरतात, जेवतात. जिवंत जनावर गावाला मिळकत देऊ शकते याचा हा दाखला आहे.

या कासवांत नर निपजायचा की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरते. घरटे जास्त तापले तर माद्या जास्त. हवामान तापत चालले आहे असे म्हणतात, त्याचा फटका आपल्या ज्वारीलाच नाही, कासवालाही आहे.

मगरीचे घराणे

मगरींच्या जगात तीसहून कमी जाती, हिंदुस्थानात तीन. गोड्या पाण्यातली मगर, खाडीतली मोठी मगर आणि लांब निमुळत्या तोंडाची घडियाल. आपल्या महाराष्ट्रात सांगलीकडे कृष्णेत आणि चिपळूणकडे वाशिष्ठीत मगर आहे. कातड्यासाठी मारून मारून त्या संपत आल्या, तेव्हा १९७५ मध्ये देशात मगर वाचवण्याची योजना सुरू झाली. कृष्णाकाठचा शेतकरी मात्र आज मोटार चालू करायला नदीवर जाताना जीव मुठीत धरून जातो. मगर वाचली पाहिजे, हे खरे. पण तिच्याशेजारी राहणाऱ्याला सुरक्षित पाणवठा मिळाला पाहिजे, हेही तेवढेच खरे.

मगर दिसते पालीसारखी, पण नात्याने ती पालीची नव्हे. तिचे हृदय आपल्यासारखे चार कप्प्यांचे आहे, दात हिरड्यांच्या खोबणीत रोवलेले आहेत आणि ती पिलांना तोंडात धरून पाण्यात नेते, त्यांची राखण करते. आज जिवंत असलेल्यांत तिचे सर्वांत जवळचे नातलग कोण? पक्षी! म्हणजे आपल्या अंगणातली कोंबडी मगरीला जितकी जवळची, तितकी पाल नाही. पक्षी ज्यांच्यातून निघाले ते डायनोसॉर याच बाजूचे. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे डायनोसॉरची हाडे सापडली आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरत होता, त्याच सुमारास ते नष्ट झाले. त्या लाव्ह्याचा काळा दगड झिजून झालेली माती म्हणजे आपली कापसाची काळी. आपण सरकी टोकतो ती त्या काळाच्या साक्षीदारावर.

एकटा वारस

चौथ्या घराण्यातला प्राणी न्यूझीलंडच्या बेटांवर राहतो, त्याचे नाव तुआतारा. बघणारा त्याला सरडाच म्हणेल, पण त्याची कवटी आणि दात यांची घडण वेगळी आहे. त्याचे भाऊबंद कोट्यवधी वर्षांपूर्वी जगभर होते, आता हा एकच उरला. वरून सारखे दिसणारे आतून वेगळे असू शकतात, एवढा धडा त्याच्याकडून घेऊ. सापाच्या बाबतीत तोच कामाला येणार आहे.

सरडे आणि साप : एकच घर, दोन भाऊ

हे सर्वांत मोठे घराणे. सात हजारांवर जाती पाल-सरड्यांच्या आणि चार हजारांच्या आसपास सापांच्या. साप हा मुळात पाय गेलेला सरड्याच्या कुळातला प्राणी. खोटे वाटत असेल तर अजगर पाहा, त्याच्या शेपटीच्या मुळाशी मागच्या पायांच्या खुणा म्हणून दोन नखे अजून शिल्लक आहेत.

मग दोघांत फरक काय? सरड्याला बहुधा पापण्या असतात, कानाची भोके असतात. सापाला पापणी नाही, त्याच्या डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, म्हणून तो टक लावून पाहतो असे वाटते. बाहेरचा कान नाही. पुंगीच्या सुरावर तो डोलत नाही, तो पुंगीच्या हालचालीवर डोलतो. दुभंगलेली जीभ हे त्याचे नाक, तिने तो हवेतला वास गोळा करतो. त्याच्या जबड्याची हाडे सैल जोडलेली असतात, म्हणून डोक्यापेक्षा मोठा उंदीर त्याला गिळता येतो. तो दूध पीत नाही आणि डूखही धरत नाही. डूख धरायला लागते तेवढी बुद्धी त्याच्या मेंदूत नाही.

पाल आणि सरड्यांबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आपल्या देशात माणसाला विषारी असा एकही सरडा नाही, पाल नाही, सापसुरळी नाही. पाल पडलेले अन्न घाण म्हणून टाकून द्या, पण पालीत विष नाही. घोरपडीचा चावा जखम करतो, मारत नाही. घोरपड उंदीर, किडे, अंडी खाते. तिला मारणे किंवा पकडणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मोठा गुन्हा आहे. ‘हत्ताजोडी’ नावाची मुळी घरात ठेवली की पैसा येतो म्हणून बाजारात विकतात, ती मुळी नसून नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय आहे हे तपासणीत निघाले. पैसा येतो तो विकणाऱ्याच्या घरात.

आपल्या माळरानावर गळ्याखाली रंगीत पंखा उघडणारे सरडे आहेत. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्यांच्यातल्या काही जातींचे एक नवे कुळ ठरवले आणि त्याला जगभरच्या शास्त्रासाठी नाव दिले ‘सरडा’, आपला मराठी शब्द जसाच्या तसा. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरची निळ्या, काळ्या, नारिंगी गळ्याची जात त्यातलीच. ज्या माळाला सरकारी कागदात पडीक म्हणतात, तिथे हे सारे नांदते.

साप ओळखा

देशात सापांच्या तीनशेवर जाती. त्यात विषारी साठेक, त्यातलेही बरेच समुद्रातले आणि डोंगरातले. आपल्या शेतात जीव घेणारे मुख्यतः चार.

नाग. फणा काढला की ओळखायला अडचण नाही, पण नाग दर वेळी फणा काढतोच असे नाही.

मण्यार. काळी, चकचकीत, अंगावर पांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या जोड्या. पट्टे मानेपाशी पुसट किंवा नसतातच, शेपटीकडे ठळक होत जातात. हिच्यासारखाच दिसणारा कवड्या बिनविषारी. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलता येत नाही. घरचे म्हणतात अपचन झाले. तेवढ्यात श्वास बंद पडतो.

घोणस. जाड अंग, पाठीवर साखळीसारख्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा, कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. तिला अजगराचे पिलू समजून हातात घेणारे जिवाला मुकले आहेत. ती अंडी घालत नाही, एका वेळी वीस-तीस आणि कधी त्याहून जास्त जिवंत पिले देते, आणि पिलूही जन्मल्यापासून विषारी असते.

फुरसे. हातभरच, पण तापट. दगडधोंड्यांच्या कोरड्या जागी राहते. वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते.

नाग आणि मण्यार यांचे विष नसांवर चालते, श्वास थांबवते. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर चालते. रक्त गोठत नाही, हिरड्यांतून, लघवीतून जाते, मूत्रपिंड निकामी होते.

बाकीचे? धामण, दिवड, तस्कर, कवड्या, मांडूळ हे सगळे बिनविषारी. धामण म्हणजे उंदरांचा काळ. ज्वारीच्या कणसावर आणि कडब्याच्या गंजीत उंदीर किती नासधूस करतात हे तुम्हाला सांगायला नको. धामण मारणारा शेतकरी बिनपगारी राखणदाराला काढून टाकतो. मांडुळाच्या बाबतीत तर आपली तरुण पोरे फसतात. दोन तोंडाचा साप, लाखोंचे गिऱ्हाईक, गुप्तधन, असे सांगून दलाल पोराला पुढे करतो. त्याचे दुसरे तोंड म्हणजे बोथट शेपूट. गिऱ्हाईक कधी येत नाही, पोलीस येतात, आणि जामिनासाठी बापाची जमीन गहाण पडते.

पान लागले तर

भगताकडे नेलेला बरा झाला, असे दाखले प्रत्येक गावात आहेत. ते खोटे नाहीत, त्यांचा अर्थ खोटा आहे. चावणाऱ्या सापांत बहुतेक बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर चाव्यात विष सोडतोच असे नाही. अशा माणसाला भगताने पाणी मंतरून दिले तरी तो वाचणार, नाही दिले तरी वाचणार. ज्याच्या अंगात विष गेले आहे, तो मात्र मंत्राच्या वेळात जातो. कडुनिंबाचा पाला किंवा मिरची चारून पाहणे हीसुद्धा वेळ घालवण्याची रीत आहे.

करायचे ते एवढेच. माणसाला धीर द्या, चालवू नका. चावलेल्या हातापायाला फळी बांधून तो हलणार नाही असे करा. अंगठी, जोडवी, बांगड्या काढा, कारण सूज येणार. दोरीने आवळू नका, ब्लेडने कापू नका, तोंडाने ओढू नका, दारू पाजू नका. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. साप मारून नेण्याची गरज नाही, कारण या चारही सापांच्या विषावर चालणारी लस एकच आहे. सापाच्या मागे धावण्यात दुसरा माणूस चावून घेतो.

ही लस कशी होते तेही ऐका. सापाचे विष थोडे थोडे घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात उतारा तयार होतो, तो शुद्ध करून कुपीत भरतात. मुंबईची हाफकिन संस्था या कामासाठी अनेक दशके ओळखली जाते. आणि देशात विष पुरवणाऱ्यांत मोठे नाव आहे तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेचे. हे लोक पूर्वी कातड्यासाठी साप पकडत. १९७२ च्या कायद्याने तो धंदा बंद झाला. १९७८ मध्ये त्यांनी संस्था काढली. आता ते साप पकडतात, विष काढतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. अडाणी म्हणून ज्यांना हिणवले, त्यांच्या विद्येवर आज देशातले लोक वाचतात.

मरतो कोण आणि का?

लस आहे, दवाखाना आहे, मग माणूस मरतो कशाने? शेतीची वीज पाळीपाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी हातात घेऊन दारे धरायला जातो. थंडीच्या दिवसांत कारखान्यातल्या कामगाराला रात्रपाळीचा भत्ता असतो. आपल्याला रात्रपाळीला बिबट्या आणि घोणस असते. २०२३ साली सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला, दिवसा वीज देऊ असे सरकार म्हणते. ज्या गावात ती आली तिथे चांगलेच झाले. जिथे नाही आली, तिथे रात्रीचा प्रत्येक सर्पदंश हा नुसता अपघात नव्हे, तो धोरणाचाही बळी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले. केंद्राने मार्च २०२४ मध्ये २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा काढला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रत्येक सर्पदंशाची नोंद बंधनकारक करा असे राज्यांना कळवले. कागद चांगला आहे. तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटापर्यंत पोचला की नाही, हे पाहणे आपले काम.

घरात घडलेच, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत सर्पदंशाचा मृत्यूही येतो, वारसाला २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा, वेळ दवडायचा नाही. भगताकडे गेलेल्याची दवाखान्यात नोंद नसते, आणि नोंद नसली की वारस कागदासाठी हेलपाटे घालत राहतो. पण दोन लाख ही भीक आहे की हक्क, या वादात न पडता आम्ही एवढेच म्हणतो, की मेल्यावर दोन लाख देणाऱ्याने आधी दिवसाची वीज द्यावी.

गावी जाऊन करायची कामे

पहिले, आपापल्या आरोग्य केंद्रात पाच-दहा जणांनी मिळून जावे आणि सर्पदंशाची लस आज शिल्लक किती, ती द्यायला रात्री डॉक्टर कोण, हे विचारून वहीत लिहून आणावे. पेरणीच्या आधी विचारावे, चावल्यावर नव्हे.

दुसरे, रात्री दारे धरायला जाणाऱ्याने गुडघ्यापर्यंत बूट आणि चांगली बॅटरी घेतल्याशिवाय जाऊ नये. कापूस वेचताना, कडब्याच्या पेंढ्या उचलताना आधी काठीने चाळवावे, मग हात घालावा. खाली झोपणाऱ्याने मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचावी. मण्यारीपासून वाचण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

तिसरे, गेल्या पाच वर्षांत गावात किती जणांना पान लागले, रात्री की दिवसा, पाणी भरताना की झोपेत, दवाखाना किती तासांत गाठला, याची यादी करून पुढच्या बैठकीला आणावी. रात्रीच्या विजेविरुद्ध बोलताना आपल्याजवळ नुसती तक्रार नको, आकडे हवेत.

चौथे, धामण दिसली तर काठी खाली ठेवा.

साप शेतात राहणारच. जिथे ज्वारी तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे साप. त्याच्याशी आपले वैर नाही. अंधारात त्याच्या वाटेवर आपल्याला कोण उभे करते, तेवढे आपण विचारायचे आहे.